मातीला न लागलेली पाठ

माझ्या थोरल्या भावाचा चेहरा मला नीट आठवत नाही. हे सांगितलं की सुना एकमेकींकडं बघतात. म्हातारीला भ्रम झाला, असं त्यांना वाटतं. भ्रम कसला डोंबलाचा! चेहरा आठवत नाही, कारण तो फारसा बघायलाच मिळाला नाही. पाठ विचारा. उजव्या खांद्यावर मागच्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढा तीळ, मानेखाली लहानपणीच्या गळवाचा वण आणि मधोमध नांगराच्या तासासारखी सरळ गेलेली कण्याची घळ. आजही हातात कोळसा दिलात तर भिंतीवर काढून दाखवीन.

आमचं गाव आळंदपासून दोन कोसांवर, मोगलाईच्या अगदी टोकाला. ओढा ओलांडला, निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडला, की पुढं अक्कलकोटचं राज्य. आम्ही धनगर. तीस-चाळीस मेंढरं आणि थोडी काळी जमीन, तीत तूर आणि जवारी. घरात मराठी बोलायचो, पण आईला अव्वा आणि बापाला अप्पा म्हणायचो. कचेरीत गेलं की उर्दू. अप्पांना तिन्ही भाषा यायच्या आणि तिन्हींत ते गप्पच बसायचे.

तालीम होती मारुतीच्या देवळामागं. तिथं बायकामाणसानं आत पाऊल टाकायचं नाही. मारुती ब्रह्मचारी, त्याला बायकांची सावली चालत नाही म्हणे. पण कुस्तीच्या हौद्यातली लाल माती मऊ राहावी म्हणून तीत जे ताक ओतायचे, ते घुसळायला बायका चालत होत्या. आठवड्याला एक घागर ताक आमच्या घरून जायचं आणि ते न्यायचं काम माझं. घागर उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि मागं फिरायचं. मी कुठली फिरतेय! तालमीचं दार इतकं ठेंगणं होतं, की आत उभ्या माणसाचं डोकं दिसायचंच नाही. दिसायच्या त्या घामानं आणि मातीनं माखलेल्या पाठी. त्यांतली अण्णाची मी चटकन ओळखायची.

अण्णा माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठा. दिवसभर मेंढरांमागं, सकाळ-संध्याकाळ तालमीत. घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. जेवताना मान खाली. झोपला की तोंड भिंतीकडं. अव्वा म्हणायची, या पोराच्या तोंडाची मला आठवण यायला लागली आहे, आणि पोरगा समोर बसलेला असायचा.

विसाव्या वर्षी तो आसपासच्या जत्रांत शेवटची, म्हणजे सगळ्यांत मोठ्या इनामाची कुस्ती धरायला लागला. आळंद, हुमनाबाद, नाक्यापलीकडं अक्कलकोट. अप्पा प्रत्येक फडावर हजर. ते स्वतः तरणेपणी एकदा हुमनाबादच्या जत्रेत चीत झाले होते. त्या दिवसानंतर त्यांनी कुस्तीची लांग कधी कसली नाही, पण ती हार पोटात सांभाळून ठेवली. अण्णाची कुस्ती संपली, की लोक फेटा बांधायला धावायचे आणि अप्पा गर्दीतून मागं जाऊन म्हणायचे, "पाठ बघू."

अण्णा निमूट वळून उभा राहायचा. अप्पा खांद्यावरच्या घोंगडीचं टोक घेऊन त्याची पाठ वरपासून खालपर्यंत पुसायचे. कुस्तीत खांदे, गुडघे, छाती, सगळ्याला माती लागते. पण पाठ टेकली की माणूस हरला. पुसून झालं की अप्पा घोंगडीचं टोक उलटंपालटं करून बघायचे आणि म्हणायचे, "लागली न्हाई." बस्स, एवढंच. शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. साऱ्या जगानं अण्णाला जिंकताना पाहिलेलं असायचं, पण अप्पांनी हे दोन शब्द म्हटल्याशिवाय अण्णा हसायचा नाही. मला तेव्हाही राग यायचा. बापाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही आणि घोंगडीवर आहे!

मार्गशीर्षात आम्ही गाडी जुंपून मैलारला जायचो. भालकीकडचा मैलार, आमच्या कुळाचा खंडोबा. अडीच दिवसांची वाट. त्या वर्षी मैलारच्या फडावर अण्णानं एका नावाजलेल्या पैलवानाला कलाजंग डावावर उचलून आपटलं. गर्दीत सोलापूरकडचा एक टोपीवाला माणूस होता. तो मुंबईच्या सिनेमा कंपनीसाठी धडधाकट माणसं हेरत फिरायचा. दुसऱ्या दिवशी अण्णा त्याच्याबरोबर गेला. अप्पांना त्या टोपीवाल्यानं एवढंच सांगितलं, की मुंबईत मोठी तालीम आहे, पोरगा तिथं कुस्ती शिकायला जायलाय. अप्पांनी हो म्हटलं. मला आठवतं, गाडीत अप्पा परत येताना चक्क गुणगुणत होते.

वर्षभर अण्णाची पत्रं येत राहिली. तो गावच्या शाळेत दोन इयत्ता उर्दूच शिकला होता. त्यामुळं आमची मराठी तो उर्दू अक्षरांत लिहायचा, आणि ते पत्र शाळेचे मौलवी मास्तर वाचून दाखवायचे. त्यांच्या तोंडून "अव्वाला सांगा, मी बरा हाय" हे फार गमतीशीर ऐकू यायचं. अव्वा पदर तोंडाला लावून हसायची आणि मग तोच पदर डोळ्यांना लावायची. पत्रांत कुस्तीबद्दल अवाक्षर नसायचं. अप्पांनी ते हेरलं होतं.

पुढच्या जत्रेला अण्णा मुंबईहून थेट मैलारला आला. अंगात कोट, पायात बूट, केस तेल लावून मागं फिरवलेले. आम्ही गाडीतळावर चूल मांडून बसलो होतो. त्यानं अव्वाच्या हातात खारकांची पुडी दिली, मला काचेच्या बांगड्या दिल्या आणि अप्पांच्या पाया पडला.

"कुस्त्या किती मारल्या?" अप्पांनी विचारलं.

अण्णाला खोटं बोलता यायचं नाही. तेवढं आलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. तो म्हणाला, "तिथं कुस्ती नसती अप्पा. सिनेमात मारामारी असती. हिरो मला उचलतोय आन् टाकतोय. मी पडायचं."

"पडायचं म्हंजे?"

"पडल्यासारखं करायचं."

"पाठीवर?"

अण्णानं मान हलवली. "खरं न्हाई वो ते. खेळ हाय. माझ्या एका बुक्कीनं तो आडवा हुईल, पर तो हिरो हाय."

अप्पा उठले. देवळाच्या पायरीशी गेले. तिथं वाघ्या बसला होता, खंडोबाचा सेवेकरी, पितळी कोटंब्यात भंडारा घेऊन. अप्पांनी त्यातली मूठभर हळद आणि एक बेलाचं पान उचललं. बेलभंडारा उचलणं म्हणजे काय, हे आमच्यात लेकराला सुद्धा कळतं. अव्वा ओरडत धावली, पण ती पोचायच्या आत अप्पांनी हात वर केला होता.

"आजपून ह्येचं तोंड माझ्या डोळ्याला पडायचं न्हाई. पडलं तर मढ्याचंच पडंल."

 वाघ्यानं कोटंबा खाली ठेवला. अप्पांनी हळद कपाळाला फासली, पाठ फिरवली आणि बैलांपाशी जाऊन बसले.  अण्णानं बूट काढले, अनवाणी देवाला जाऊन आला, परत बूट घातले आणि गेला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वर बघितलं नाही. मला रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं. तेव्हा वर बघितलं असतं, तर आज एक चेहरा तरी पदरात असता.

उचललेला भंडारा परत ठेवता येतो, नाही असं नाही. पण तो जिथं उचलला तिथंच, जत्रेतच, वाघ्याच्या हातून. वाघ्या देवासमोर लोखंडी साखळी ओढून तोडतो, त्याला लंगर तोडणं म्हणतात. लंगर तुटला की शपथ सुटली. अव्वा दर वर्षी मार्गशीर्ष आला की म्हणायची, "औंदा ठिवून या." अप्पा म्हणायचे, "तो पडायचं थांबवू दे, मग ठिवतो." सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. आणि अण्णा तिकडं पडत राहिला.

माझं लग्न झालं. मला आळंदलाच दिलं होतं. सात-आठ वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्यात आळंदच्या बाजारतळावर तंबूतला सिनेमा आला. त्याच सुमारास अण्णाचं पत्र आलं. मी मौलवी मास्तरांकडं बसून ऐकलं. तो आता हिरोच्या हातून पडत नव्हता, हिरोच्याच जागी उडी मारत होता. हिरोला घोडा भरधाव सोडता येत नाही, गच्चीवरून उडी टाकता येत नाही, ते अण्णा हिरोचे कपडे घालून करायचा. "म्हनून माझं तोंड शोधू नका," त्यानं लिहिलं होतं. "तोंड दाखवायचं न्हाई, हीच माझी नोकरी हाय. पाठमोरा गडी दिसला की तो मी." मौलवी मास्तरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बेटी, ये तो अजीब नोकरी है."

अव्वाला हे सांगितलं. ती दळत होती. जातं थांबवून तिनं दोन वेळा विचारलं, तोंड अजिबात दिसत नाही का? मी म्हटलं, अजिबात नाही. ती तशीच पिठाच्या हातांनी उठली आणि अप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

"तोंड न्हाई दिसत त्येचं. निस्ती पाठ दिसतीय. शपथ तोंडाची हाय. चला."

अप्पा लेंडीखत भरत होते. फावडं टाकून म्हणाले, "कवा हाय?"

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. आम्ही जमिनीवर बसलो होतो, पुरुष इकडं, बायका तिकडं, मध्ये दोरी. अप्पांनी घोंगडी डोक्यावरून घेतली होती, कारण कोण जाणे, चुकून कुठं अण्णाचं तोंड आलंच तर! मी दोरीपलीकडून बघत होते. पडद्यावर कुणीही समोर आला की घोंगडी खाली, पाठमोरा झाला की घोंगडी वर. मागचा एक तूरव्यापारी वैतागून म्हणाला, "अप्पा, पाऊस पडायलाय का आत?" लोक हसले. मग कुणीतरी विचारलं, "तुमचा पोरगा कुठं दिसंना ह्यात?" अप्पांनी घोंगडी आणखी खाली ओढली.

आणि मग तो आला. हिरोनं घोड्यावर मांड टाकली तेव्हा तो हिरो होता, घोडा वळला तेव्हा तो माझा अण्णा होता. अंगरखा फाटलेला होता आणि त्यातून कण्याची घळ दिसत होती. घोडा खंदकाजवळ आला, अण्णानं वरून अंग टाकलं, हवेत गिरकी घेतली, खांद्यावर पडला, गोलांटला आणि उभा राहिला. मी ओरडले, "अण्णा!" सगळा तंबू माझ्याकडं बघायला लागला. सासूनं कोपर मारलं. पण मला अप्पांचा आवाज ऐकू आला. डोक्यावरची घोंगडी गळ्यात पडली होती आणि ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "खांद्यावर पडला. पाठ लागली न्हाई. बघितलं का? लागली न्हाई."

तंबू अकरा दिवस होता. अप्पा अकरा दिवस दोन कोस चालत आले. एवढं करून मैलारला जायचं नाव नाही! मी एकदा तोंडावर म्हटलं, "मग ठिवून या की भंडारा." तर म्हणाले, "औंदा तूर काढायला मार्गशीर्षच येतोय." तूर होती, मग बैल आजारी होता, मग अव्वाचा गुडघा. पाठ बघून त्यांची तहान भागत होती, आणि तोंड कुठं पळून जातंय, असं त्यांना वाटत असणार. आपली माणसं मरणार नाहीत, असं धरूनच आपण रुसतो.

तोंड पळून गेलं नाही. ते गाडीत घालून आणलं. ती शेवटची वर्षं होती मोगलाईची. अण्णा कुठल्याशा चित्रात घोड्यासकट दरडीवरून खाली आला, कंबरेचा मणका मोडला आणि पाय गेले. कंपनीनं त्याला मुंबईच्या दवाखान्यात ठेवलं, मग एका माणसाबरोबर आगगाडीनं दुधनीच्या स्टेशनपर्यंत पोचवलं. तिथून बैलगाडी. मी निरोप मिळताच माहेरी धावले. उताणं झोपून झोपून त्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, म्हणून त्याला पालथं टाकलेलं. गाडी दारात आली तेव्हा अप्पा गोठ्यात जाऊन बसले. आम्ही त्याला मधल्या खोलीत नेलं, पालथा निजवला. अव्वा त्याच्या केसांतून हात फिरवत होती. तो उशीत तोंड खुपसून म्हणाला, "अव्वा, अप्पाला सांग, मी भिंतीकडं वळलाव. येऊ दे त्यांना."

अप्पा आले. दारातून आधी डावा हात डोळ्यांवर धरून, मग बोटांच्या फटीतून बघत. त्यांना पाठ दिसली. ती पाठ बघून ते खाली बसले. जखमांतून लस येत होती.

त्यानंतर ती रीतच पडली. सकाळी अप्पा करंजाचं तेल कोमट करून दाराबाहेर उभे राहायचे आणि खाकरायचे. आतून अण्णा म्हणायचा, "वळलो अप्पा." मग ते आत जायचे. तासभर पाठीला हळूहळू तेल लावायचे. बोलायचेही, आयुष्यात बोलले नव्हते एवढं. ढाक कशी मारायची, अमक्या जत्रेत तो काळा पैलवान कसा आडवा केलास. अण्णा भिंतीशी बोलायचा, अप्पा पाठीशी. काम झालं की अप्पा मान खाली घालून बाहेर. मग आम्ही अण्णाला कुशीवर करायचो, पण तेव्हाही तो तोंड भिंतीकडंच ठेवायचा.

मला हे बघवायचं नाही. एकदा मी तेलाची वाटी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. "डोळं उघडा की अप्पा! देव काय तुमच्या दारात बसलाय व्हय बघायला?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "त्येच्या जिवावर शपथ घातलीय मी. मोडली तर माझं काय व्हायचं न्हाई, त्येचं हुईल. मढ्याचंच तोंड बघीन म्हनलाव मी, बाई. माझ्याच तोंडानं."

त्या दिवशी मला कळलं, की आता हा पीळ नाही, भीती आहे. मी वाटी त्यांच्या हातात परत दिली. अव्वानं ठरवलं, या मार्गशीर्षात काहीही होवो, अण्णाला गाडीत घालून मैलारला न्यायचं. अप्पांनी स्वतः गाडीला नवा तट्ट्या बांधला. नारळ आणला, हळद दळून घेतली. अण्णा हसत म्हणायचा, "अप्पा, पयल्यांदा बघाल तर भ्याल. दाढी आलीय, नाक मोडलंय." अप्पा म्हणायचे, "नाक मोडू दे."

मार्गशीर्ष आला आणि वाट बंद झाली. रझाकारांच्या टोळ्या रस्त्यांवर फिरत होत्या, नाक्यानाक्यावर गाड्या अडवत होत्या, भालकीकडची दोन गावं जाळल्याची बातमी होती. आमच्या गावातून एकही गाडी जत्रेला गेली नाही. मौलवी मास्तर स्वतः घरी येऊन म्हणाले, "मत जाओ भाई, मैं हाथ जोड़ता हूँ." अण्णा भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "पुढल्या साली जाऊ की अप्पा. मी कुठं पळायलोय?" दळलेली हळद अव्वानं गाडग्यात घालून उतरंडीला ठेवली.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी शेजारच्या गावावर धूर दिसला. तासाभरात आमचं गाव रिकामं झालं. सगळ्यांची तोंडं नाक्याकडं, ओढ्यापलीकडं. मेंढरं सोडून दिली. अप्पा गाडीच्या पुढं धुरेवर बसले, मागं अण्णा पालथा, त्याच्या दोन बाजूंना अव्वा आणि मी. अण्णाला आठ दिवसांपासून ताप होता, म्हणूनच मी माहेरी आले होते. गाडी दगडावरून गेली की तो दात खायचा, पण हूं का चूं करायचा नाही. अप्पा समोर बघत गाडी हाकत होते. "दुखायलंय का?" असं दर थोड्या वेळानं विचारायचे आणि तो "न्हाई" म्हणायचा.

ओढा उतरून गेलो. आता भीती नव्हती. पलीकडं बाभळीखाली बरेच गाववाले थांबले होते. तेव्हा अण्णा मला म्हणाला, "मला उताणं कर."

"जखमा हायेत अण्णा."

"असू दे. लई वर्सं भिंतच बघायलो. आभाळ बघतो जरा."

मी आणि अव्वानं त्याला उताणं केलं. तो बराच वेळ वर बघत होता. अप्पांच्या पाठीकडंही त्यानं एकदा मान वळवून बघितलं. मी त्याचं तोंड बघत होते खरी, पण माझे डोळे इतके भरून आले होते, की काही धड दिसलं नाही. मग तो म्हणाला, "अप्पा, आज लागली." अप्पा गाडी हाकत राहिले. बहुतेक ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. गाडी बाभळीपाशी थांबायच्या आत तो गेला होता.

लोकांनी त्याला खाली उतरवून जमिनीवर ठेवलं. पावसानं ओली झालेली माती होती. अप्पा अजून धुरेवरच, पाठ करून. अव्वा रडली नाही. ती गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता बघा. आता बघायला हरकत न्हाई."

अप्पा उतरले. लोकांनी वाट दिली. ते अण्णाच्या डोक्यापाशी बसले आणि त्यांनी बघितलं. दाढी, मोडकं नाक, कानशिलावर पांढरे झालेले केस. ते बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईना. मला वाटलं, आता हंबरडा फोडतील. त्यांनी मान वर केली, आमच्याकडं एकेकाकडं बघितलं आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "ह्यो कोन हाय?"

 मैलारहून गेलेला तेल लावलेल्या केसांचा पोरगा ते शोधत होते आणि तो त्या तोंडावर कुठंच नव्हता. मग ते म्हणाले, "ह्येला जरा पालथा करा रे."

चौघांनी मिळून अण्णाला पालथा केला. अंगरखा वर सरकला. तो तीळ, तो वण, ती घळ. अप्पांनी हात ठेवला आणि मग जो आवाज त्यांच्या पोटातून निघाला तो मी पुन्हा कधी ऐकू नये.

बऱ्याच वेळानं त्यांनी खांद्यावरची घोंगडी ओढली. तिचं टोक हातात घेतलं आणि अण्णाची पाठ पुसली, वरपासून खालपर्यंत, फडावर पुसायचे तशी. माती होती. भरपूर होती. ओली, काळी, घोंगडीला चिकटलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. अप्पांनी ते टोक उलटं केलं, सुलटं केलं, मुठीत दाबून धरलं. मग माझ्याकडं बघत म्हणाले, "लागली न्हाई."

जन्मभर मी त्यांच्या तोंडावर बोलत आले होते. म्हटलं, "न्हाई अप्पा. लागली न्हाई."